प्लेटलेट्स येतात कुठून? न विभागणाऱ्या एका पेशीच्या शोधाची गोष्ट

पावसाळा सरत आला की माझ्या दवाखान्यात एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. "डॉक्टर, सकाळी बेचाळीस होत्या, आता अडतीस आल्यात." बेचाळीस म्हणजे बेचाळीस हजार, आणि विषय अर्थातच प्लेटलेट्सचा. डेंग्यूचा रुग्ण खाटेवर उठून चहा पीत असतो. पण त्याच्या भावाची, बायकोची, सासऱ्यांची नजर रिपोर्टच्या कागदावर खिळलेली असते. मग ठरलेला प्रश्न येतो, "एवढी औषधं निघाली, प्लेटलेट्स लगेच वाढवणारं एखादं इंजेक्शन नाही का?"

"वाढतील, पण त्यांच्या वेळेने," हे माझं ठरलेलं उत्तर. ऐकणाऱ्याला ती टाळाटाळ वाटते. खरं तर त्यामागे मोठं कारण आहे. प्लेटलेट्स ज्या पेशीपासून तयार होतात ती पेशी शरीरातल्या बहुतेक पेशींपेक्षा वेगळी वागते. ती आपला डीएनए दुप्पट करते, पुन्हा दुप्पट करते, पुन्हा करते, पण स्वतः दोन होत नाही. नुसती मोठी होत जाते. या वाढीला दिवस लागतात, आणि ते दिवस कुणाला फारसे कमी करता येत नाहीत.

हे समजायला वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षं लागली. आज तीच गोष्ट सांगतो.

रक्तातला 'कचरा'

निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण दीड लाख ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. शालेय पुस्तकात यांनाच रक्तपट्टिका म्हणतात. आकार दोन ते तीन मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीच्या निम्म्याहून कमी. त्यांना केंद्रक नसतं. आयुष्य सात ते दहा दिवसांचं.

इतक्या लहान असल्यामुळे सुरुवातीच्या सूक्ष्मदर्शकांतून त्या धड दिसत नसत. त्यात आणखी एक अडचण होती. रक्त शरीराबाहेर आलं की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे गठ्ठे बनतात. पाहणाऱ्याला वाटे, रक्तात काही कण आहेत, बहुधा मोडलेल्या पेशींचा कचरा असावा.

१८६५ साली जर्मनीतल्या बॉन इथे माक्स शुल्ट्झे यांनी रक्तातल्या या बारीक गोलकांचं आणि त्यांच्या गठ्ठ्यांचं व्यवस्थित वर्णन केलं. ते निरोगी माणसाच्या रक्तातही आढळतात, हे त्यांनी नोंदवलं. पुढे १८७४ मध्ये विल्यम ऑस्लर यांचा निबंध आला. हे तेच ऑस्लर, ज्यांचं नाव आजही प्रत्येक फिजिशियन आदराने घेतो. तेव्हा ते पंचविशीच्या आतबाहेरचे होते आणि लंडनच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांनी दाखवलं की रक्तवाहिनीच्या आत हे कण सुटे सुटे फिरत असतात आणि बाहेर काढल्यावर त्यांचे गठ्ठे होतात. म्हणजे हा कचरा नव्हता.

पण मग ते कण होते तरी काय? पॅरिसच्या जॉर्ज हायेम यांनी १८७८ च्या सुमारास ते मोजले. मोजणी उत्तम केली, पण अर्थ चुकीचा लावला. या कणांच्या पुढे तांबड्या पेशी होतात, असं त्यांचं मत होतं. कुणी म्हणे, हे पांढऱ्या पेशींचे तुकडे. कुणी म्हणे, रक्त गोठताना पडलेला साका.

हा गोंधळ बऱ्याच अंशी मिटवला तो इटलीतल्या तुरीन शहरातल्या ज्युलिओ बित्सोत्सेरो यांनी. १८८१-८२ च्या सुमारास त्यांनी जिवंत प्राण्यांच्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. रक्त वाहतं असतानाच त्यांना प्लेटलेट्स दिसल्या. मग त्यांनी रक्तवाहिनीला इजा केली आणि काय होतं ते पाहिलं. जखमेच्या जागी सगळ्यांत आधी प्लेटलेट्सच येऊन चिकटत होत्या. तांबड्या आणि पांढऱ्या पेशींशिवाय रक्तात हा तिसरा स्वतंत्र घटक आहे आणि रक्तस्राव थांबवणं हे त्याचं काम आहे, हे त्यांनी ठामपणे मांडलं.

त्या येतात कुठून, हे मात्र त्यांना उमगलं नाही. आणि इथेच या गोष्टीतली सगळ्यांत चुटपुट लावणारी जागा आहे.

दोन्ही गोष्टी पाहिल्या, पण जोडल्या नाहीत

त्याआधी सुमारे तेरा वर्षं, १८६८ साली, बावीस वर्षांचे बित्सोत्सेरो हाडांच्या पोकळीतल्या मज्जेचा अभ्यास करत होते. त्याच वर्षी जर्मनीत अर्न्स्ट नॉयमान यांचंही तेच काम चालू होतं. रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात, हा शोध या दोघांनी एकमेकांवर न विसंबता लावला. त्याआधी हाडातला हा लालसर लगदा नेमका कशासाठी असतो, हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं.

मज्जा तपासताना बित्सोत्सेरो यांना एक अवाढव्य पेशी दिसली. आजूबाजूच्या पेशींच्या कित्येक पट मोठी, आणि मधोमध वेडंवाकडं, फुगवटे फुटल्यासारखं केंद्रक. त्यांनी तिचं वर्णन करून ठेवलं.

म्हणजे कारखाना आणि कारखान्यातला माल, दोन्ही एकाच माणसाने पाहिले होते. पण एक हाडात आणि दुसरा रक्तात, एक अवाढव्य आणि दुसरा कणभर. यांचा आई-लेकरांसारखा संबंध असेल असं त्यांच्या मनात आलं नाही. यात त्यांची बुद्धी कमी पडली असं मी म्हणणार नाही. एका पेशीपासून दुसरी पेशी विभाजनाने होते, हा तेव्हा नुकताच पक्का झालेला नियम होता. एखादी पेशी आपल्या अंगाचे हजारो तुकडे पाडून रक्तात सोडते, ही कल्पना त्या नियमात बसणारीच नव्हती.

या महाकाय पेशीला नाव मिळालं १८९० मध्ये. अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम हेन्री हॉवेल यांनी तिला 'मेगाकॅरिओसाइट' म्हटलं. ग्रीक भाषेत मेगा म्हणजे मोठं, कॅरिऑन म्हणजे केंद्रक. मोठ्या केंद्रकाची पेशी. नाव देण्यामागे कारण होतं. हाडात आणखी एक मोठी पेशी असते, ती हाड झिजवण्याचं काम करते आणि तिच्यात खरोखरच अनेक सुटी केंद्रकं असतात. या दोन पेशींची सरमिसळ होत असे. हॉवेल यांनी भेद स्पष्ट केला: एकीत केंद्रकं पुष्कळ, दुसरीत केंद्रक एकच, पण प्रचंड.

'एकच, पण प्रचंड' हे शब्द लक्षात ठेवा. पुढचं सगळं कोडं त्यातच आहे.

रंगामुळे पटलेली ओळख

आता बॉस्टनला जाऊ. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे प्रमुख होते जेम्स होमर राइट. १९०२ मध्ये त्यांनी रक्ताची काच रंगवण्याची एक सोपी, झटपट पद्धत प्रसिद्ध केली. मलेरियाचे जंतू आणि रक्तपेशींचे प्रकार वेगवेगळे दिसावेत, हा तिचा हेतू होता. हा 'राइट स्टेन' आजही जगभर वापरात आहे.

या रंगात प्लेटलेट्सच्या आतले बारीक कण तांबूस जांभळे दिसत आणि कडेचा भाग फिकट निळसर. राइट यांनी हीच पद्धत थोडी बदलून मज्जेच्या कापांवर वापरली. तेव्हा मेगाकॅरिओसाइटचं पोट अगदी त्याच तांबूस जांभळ्या कणांनी भरलेलं दिसलं, आणि कडेला तीच फिकट निळसर पट्टी. आजूबाजूच्या दुसऱ्या कुठल्याही पेशीत असं नव्हतं. एवढंच नाही, तर काही मेगाकॅरिओसाइट मज्जेतल्या रक्तवाहिन्यांना चिकटून बसल्या होत्या आणि त्यांच्या अंगातून निघालेले लांबट फाटे रक्तवाहिनीच्या आत डोकावत होते. त्या फाट्यांचे तुकडे म्हणजेच प्लेटलेट्स!

१९०६ मध्ये त्यांनी हे थोडक्यात आणि १९१० मध्ये सविस्तर मांडलं. त्यांचा आणखी एक मुद्दा मला फार आवडतो. मेगाकॅरिओसाइट फक्त सस्तन प्राण्यांत असतात, आणि केंद्रक नसलेल्या प्लेटलेट्सही फक्त सस्तन प्राण्यांतच. पक्षी, मासे, बेडूक यांच्या रक्तात हे काम केंद्रक असलेल्या अख्ख्या पेशी करतात. जिथे कारखाना तिथेच माल, जिथे कारखाना नाही तिथे मालही नाही.

त्याच १९१० साली, बॉस्टनमध्ये राइट यांच्या सहवासात काम केलेले तरुण डॉक्टर विल्यम ड्यूक यांनी दाखवलं की प्लेटलेट्स फार कमी झालेल्या, रक्तस्राव न थांबणाऱ्या रुग्णाला दुसऱ्याचं रक्त दिलं की प्लेटलेट्स वाढतात आणि रक्तस्राव थांबतो. कानाच्या पाळीला छोटी जखम करून दर अर्ध्या मिनिटाने टिपकागदाने रक्त टिपत राहायचं आणि ते थांबायला किती वेळ लागतो हे पाहायचं, ही त्यांची पद्धत. माझ्या पिढीतल्या डॉक्टरांनी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला एकमेकांचे कान टोचून हा 'ब्लीडिंग टाइम' काढलेला आहे. बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्स काही दिवसांतच संपतात, हेही ड्यूक यांच्या रुग्णांवरून तेव्हाच दिसलं होतं. एकशे दहाहून अधिक वर्षं झाली त्याला.

एवढं मोठं केंद्रक कशासाठी?

कारखाना सापडला. पण तो इतका मोठा का, आणि केंद्रकाचा आकार असा फुगवट्यांचा का, हे कोडं राहिलंच.

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ चे दोन संच. यालाच '२एन' म्हणतात. पेशीला दोन व्हायचं असेल तेव्हा ती आधी डीएनए दुप्पट करते, मग गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात, मग पेशीला कमरेशी आवळल्यासारखी खाच पडते आणि दोन पेशी सुट्या होतात. प्रत्येकीत पुन्हा ४६.

१९२४ मध्ये जर्मनीत रॉबर्ट फॉइलगन यांनी डीएनएला जांभळट लाल रंग देणारी रासायनिक पद्धत शोधली. रंग जितका गडद तितका डीएनए जास्त. पुढे प्रकाश किती शोषला गेला यावरून एकेका केंद्रकातला डीएनए मोजणारी उपकरणं आली. १९६० च्या दशकात ही मोजणी मेगाकॅरिओसाइटवर झाली, तेव्हा आकडे कसेही विखुरलेले नव्हते. ते पायऱ्यांवर बसले होते: ४, ८, १६, ३२, ६४. प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट. सगळ्यांत जास्त पेशी १६एनच्या पायरीवर.

हिशोब करून बघा. १६एन म्हणजे ३६८ गुणसूत्रं एका केंद्रकात. ६४एन असेल तर १,४७२. एका साध्या पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरतो. १६एनच्या पेशीत तो सोळा मीटर होतो.

दोन पेशी एकमेकींत मिसळून हे होत असेल का? तसं असतं तर तिपटीचे, पाचपटीचे आकडेही दिसले असते. केवळ दुपटीच्या पायऱ्या दिसतात, याचा अर्थ एकच पेशी पुन्हा पुन्हा आपला डीएनए दुप्पट करते. त्याच दशकात उंदीर-घुशींच्या जातीच्या प्राण्यांना किरणोत्सारी खूण लावलेलं थायमिडीन देण्यात आलं. थायमिडीन नव्या डीएनएमध्येच जातं, त्यामुळे डीएनए केव्हा तयार होतो ते कळतं. त्यातून दिसलं की डीएनएची दुपटी आधी, पेशी कोवळी असताना उरकते. त्यानंतर ती दुपटी थांबवून पेशीद्रव भरते आणि पिकते. आधी यंत्रं बसवायची, मग उत्पादन सुरू करायचं, तसं.

या प्रकाराला 'एंडोमायटोसिस' म्हणतात. मराठीत अंतर्विभाजन म्हणू. हा शब्द मुळात ऑस्ट्रियाच्या लोथार गाइटलर यांनी १९३९ मध्ये वापरला, तोही पाण्यावर चालणाऱ्या एका किड्याच्या पेशींसाठी. त्या किड्यात केंद्रकाचं आवरण शाबूत राहून आतल्या आत गुणसूत्रं वाढतात. आपल्या मेगाकॅरिओसाइटमध्येही तसंच होत असेल असं बरीच वर्षं मानलं गेलं. ते बरोबर नव्हतं.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस जपान आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी या पेशी प्रयोगशाळेत वाढवून विभाजनाचा एकेक टप्पा पाहिला. केंद्रकाचं आवरण विरघळतं. गुणसूत्रं घट्ट होतात. त्यांना ओढणारे तंतू तयार होतात, दोनच नव्हे तर अनेक टोकांचे. गुणसूत्रं एकमेकांपासून सरकूही लागतात. म्हणजे विभाजन सुरू होतं, बरंच पुढेही जातं. पण शेवटची पायरी पुरी होत नाही. सगळ्या गुणसूत्रांभोवती पुन्हा एकच आवरण तयार होतं, आणि म्हणून केंद्रक एकच राहतं, फुगवट्यांचं. हॉवेल यांच्या 'एकच, पण प्रचंड' केंद्रकाचा उलगडा असा सुमारे शंभर वर्षांनी झाला.

२००८ मध्ये फ्रान्समधल्या गटाने जिवंत पेशींचं चित्रण करून आणखी बारकावा दाखवला. पहिल्या फेरीत, म्हणजे २एनची ४एन होताना, कमरेची खाच पडते. कणकेच्या गोळ्याला मध्ये दाबून दोन लाट्या करायला घ्याव्यात आणि तुटायच्या आधीच हात सैल सोडावा, तशी ती खाच मागे हटते आणि गोळा पुन्हा एक होतो. खाच आवळणारी प्रथिनांची कडी इथे पुरेशी मजबूत बनत नाही. नंतरच्या फेऱ्यांत खाच नीटशी पडतही नाही.

दुसऱ्या एखाद्या पेशीत असं झालं असतं तर ती धोक्याची घंटा ठरली असती. गुणसूत्रांची अशी गर्दी कर्करोगाच्या पेशींत दिसते, आणि एरवी शरीर अशा पेशीला थांबवतं किंवा संपवतं. मेगाकॅरिओसाइटमध्ये मात्र हा बिघाड नाही, तिचं कामच तसं आहे.

फायदा काय?

निरोगी माणसाचं शरीर रोज सुमारे दहा हजार कोटी प्लेटलेट्स बनवतं. एका मेगाकॅरिओसाइटपासून हजार ते काही हजार प्लेटलेट्स मिळतात. म्हणजे रोज काही कोटी मेगाकॅरिओसाइट आपलं आयुष्य संपवत असतात.

प्रत्येक प्लेटलेटला भरपूर आवरण लागतं आणि आत ठरावीक प्रथिनांच्या पिशव्या लागतात. पेशी दोन होण्याच्या खटाटोपात असते तेव्हा बाकीचं उत्पादन मंदावतं. मेगाकॅरिओसाइट शेवटचा तुटण्याचा खटाटोपच गाळते. जनुकांच्या प्रती आठपट, सोळापट असल्यामुळे प्रथिनं आणि आवरण त्या मानाने जास्त तयार होतं. पेशीचा व्यास ५० ते १०० मायक्रॉनपर्यंत जातो. तांबडी पेशी सात मायक्रॉनची असते, त्यावरून कल्पना करा.

पिकलेली पेशी मग रक्तवाहिनीच्या भिंतीतून लांब शेवयांसारखे फाटे आत सोडते. फाट्यांच्या टोकांशी प्लेटलेट्स घडतात आणि वाहत्या रक्ताच्या ओढीने सुट्या होतात. १९९९ मध्ये हे प्रयोगशाळेतल्या पेशींत, तर २००७ मध्ये जिवंत उंदराच्या मज्जेत चित्रित झालं. राइट यांनी शंभर वर्षांपूर्वी मृत ऊतीच्या कापावर जे ताडलं होतं, ते हलत्या चित्रात दिसलं. शेवटी नुसतं केंद्रक उरतं आणि सफाई करणाऱ्या पेशी ते गिळून टाकतात.

ही सगळी तयारी माणसात साधारण पाच दिवसांची असते.

हुकूम कोण देतं?

प्लेटलेट्स वाढवण्याचा हुकूम देणारं काहीतरी रक्तात असावं, असं हंगेरीच्या एन्द्रे केलेमेन यांनी १९५८ मध्ये मांडलं आणि त्याला 'थ्रॉम्बोपॉएटिन' हे नाव दिलं. प्रत्यक्ष ते हाती यायला १९९४ उजाडलं. त्या वर्षी अनेक गटांनी जवळपास एकाच वेळी त्याचं जनुक वेगळं काढलं. तेव्हा आम्हा तरुण डॉक्टरांमध्ये त्याची मोठी चर्चा होती. हे संप्रेरक मुख्यतः यकृतात बनतं. यकृत खराब झालेल्या रुग्णांच्या प्लेटलेट्स कमी असण्याचं हेही एक कारण आहे, एकटी वाढलेली प्लीहा नव्हे.

आता इंजेक्शन आलंच, असं सगळ्यांना वाटलं. कृत्रिमरीत्या बनवलेलं हे संप्रेरक माणसांना दिलं गेलं. पण एक डोस दिल्यावरही प्लेटलेट्स वाढायला चार-पाच दिवस लागत, आणि आकडा शिखरावर पोचे बाराव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास. हुकूम आज दिला तरी पेशीला मोठं व्हायला लागणारे दिवस लागतातच.

पुढे त्याहून वाईट घडलं. त्यातल्या एका औषधामुळे काही निरोगी स्वयंसेवकांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार झाली. ती औषधावर तर गेलीच, पण त्या माणसांच्या स्वतःच्या थ्रॉम्बोपॉएटिनवरही उलटली, आणि त्यांच्या प्लेटलेट्स वाढण्याऐवजी घसरल्या. १९९८ च्या सुमारास ते औषध सोडून द्यावं लागलं. २००८ मध्ये वेगळ्या घडणीची दोन औषधं अमेरिकेत मान्य झाली, रोमिप्लोस्टिम आणि एल्ट्रोम्बोपॅग. आयटीपीसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात ती उपयोगी आहेत. पण पाच दिवसांत आपोआप बऱ्या होणाऱ्या डेंग्यूसाठी ती नव्हेत.

रुग्णाच्या खाटेपाशी

आता सुरुवातीच्या त्या भावाकडे, बायकोकडे, सासऱ्यांकडे परत येऊ.

डेंग्यूत दोन गोष्टी होतात. विषाणूमुळे सुरुवातीचे काही दिवस मज्जेचं काम मंदावतं, आणि रक्तातल्या तयार प्लेटलेट्स नेहमीपेक्षा लवकर नष्ट होतात. ताप उतरायच्या सुमारास आकडा तळाला जातो. पण त्याच वेळी हाडांच्या आत नव्या मेगाकॅरिओसाइट डीएनए दुप्पट करत, मोठ्या होत असतात. त्या रिपोर्टमध्ये दिसत नाहीत. दिसतो तो फक्त आजचा शिल्लक माल. दोन-तीन दिवसांनी आकडा वर जाऊ लागतो, आणि त्या दिवशी जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. पपईच्या पानांच्या रसाला, किवीला, कधी डॉक्टरलाही! श्रेय खरं तर त्या न विभागणाऱ्या पेशीचं असतं.

मग बाहेरून प्लेटलेट्सची पिशवी दिली तर? रक्तस्राव होत असेल तर ती द्यावीच लागते, त्यात दुमत नाही. पण रक्तस्राव नसताना केवळ आकड्यासाठी? सिंगापूर आणि मलेशियात डेंग्यूच्या ३७२ प्रौढ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेटलेट्स वीस हजार किंवा त्याहून कमी, पण रक्तस्राव नाही, असे हे रुग्ण होते. निम्म्यांना पिशव्या दिल्या, निम्म्यांना नाही. पिशव्या दिल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट पुरळ, खाज, ॲलर्जी असे त्रास त्या गटात जास्त झाले. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसताना दहा हजारांच्या खाली गेल्यावरच प्लेटलेट्सचा विचार करायला सांगतात. पन्नास हजारांवर रात्री-अपरात्री रक्तदाते शोधत पळणं, हे मी दर वर्षी पाहतो. त्या पिशवीची खरी गरज दुसऱ्या वॉर्डातल्या रक्ताच्या कर्करोगाच्या मुलाला असते.

डेंग्यूत जीव जातो तो बहुतेक वेळा प्लेटलेट्सच्या आकड्याने नाही, तर रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळल्याने. म्हणून ताप उतरला की सुटलो असं समजू नका. ते एक-दोन दिवसच जास्त जपायचे. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, सुस्ती किंवा अस्वस्थपणा यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा, प्लेटलेट्स लाखभर असल्या तरी. तापासाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका. आणि आम्ही हिमॅटोक्रिट, रक्तदाब, लघवीचं प्रमाण पुन्हा पुन्हा का पाहतो, हे विचारा. तो प्रश्न विचारणारा नातेवाईक मला मनापासून आवडतो.

काही आजारांत मज्जा तपासावी लागते. तेव्हा पॅथॉलॉजिस्ट सगळ्यांत आधी ही मोठी पेशी शोधतात. प्लेटलेट्स कमी, पण मेगाकॅरिओसाइट भरपूर असतील तर कारखाना चालू आहे आणि माल बाहेर नष्ट होतो आहे. आयटीपीत असं दिसतं. मेगाकॅरिओसाइटच नसतील तर कारखानाच बंद पडला आहे; ॲप्लास्टिक ॲनिमियात असं दिसतं. रिपोर्टवरचा आकडा दोघांचा सारखा असू शकतो, उपचार मात्र पूर्ण वेगळे.

बित्सोत्सेरो यांनी कण पाहिला होता आणि ती पेशीही पाहिली होती. दोन्हींचा संबंध लागायला पुढे राइट यांचा रंग यावा लागला. रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या आपलंही तसंच होतं. कण मोजले जातात, हाडातली पेशी दिसत नाही. पुढच्या वेळी कुणी "अडतीस आल्यात" म्हणून घाबऱ्याघुबऱ्या फोन केला, तर त्याला आधी विचारा, "रक्त येतंय का? लघवी नीट होतेय का? पोटात दुखतंय का?" तिन्हींची उत्तरं ठीक असतील, रक्तदाब आणि हिमॅटोक्रिट ठीक आहेत असं डॉक्टर सांगत असतील, तर त्याला सांगा, आतमध्ये काम चालू आहे, अजून दोन दिवस दे.

काळजी घ्या. आणि हो, घराभोवती साचलेलं पाणी आजच ओतून टाका. तेवढं केलंत तर हा आकडा पाहायची वेळच येणार नाही.